ओमानच्या किनाऱ्यावर कुठल्या महिन्यात काय दिसतं?

मस्कतवासी

भारतातून येणाऱ्या नातेवाइकांचा आणि मित्रमंडळींचा प्रश्न ठरलेला असतो. "डिसेंबरात येतोय, कासवं दिसतील ना? व्हेल शार्क दिसेल ना? सलालाहचं हिरवं गवत?" तिकिटं आधी काढलेली असतात आणि प्रश्न नंतर येतो. म्हणून हा धागा. सविस्तर लिहिते, बाकीच्यांनी भर घालावी.

माझं म्हणणं एकच आहे. इथली निसर्गसहल आपल्या सुट्टीवरून ठरवू नका, समुद्राच्या ऋतूवरून ठरवा. ओमानला ३,००० किलोमीटरहून लांब किनारा आहे. उत्तरेला मुसंदमचे कडे, मधे मस्कत, पूर्वेचं टोक रास अल हद्द, खाली मसीरा बेट आणि शेवटी दोफार, म्हणजे सलालाहचा प्रांत. या सगळ्या पट्ट्यात एकाच महिन्यात सगळं दिसत नाही.

याचं कारण आपल्या ओळखीचंच आहे: नैऋत्य मोसमी वारा. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस आणणारा हा वारा अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर, जोरात वाहतो. त्याने किनाऱ्याजवळचं वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याच्या जागी तळातलं थंड पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात दोफारचा समुद्र विसेक अंशांपर्यंत उतरतो. या पाण्यात पोषकद्रव्यं भरपूर असतात. त्यांच्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं, प्लवकावर तारली वाढते आणि तारलीमागे बाकी सगळे येतात. दोफारमधल्या मिरबातजवळ तर या थंड पाण्यामुळे केल्पसारखं (थंड समुद्रातलं मोठं) शेवाळ पावसाळ्यापुरतं वाढतं, आणि पाणी पुन्हा तापलं की मरून जातं. एवढ्या उष्ण प्रदेशात केल्प वाढावं ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

आता कासवं. रास अल जिन्झ मस्कतपासून गाडीने साधारण तीन तासांवर, सूर शहराच्या पुढे. १९९६ पासून हा राखीव किनारा आहे. इथे येतात ती हिरवी कासवं. वर्षभर थोडीफार येतात, पण खरा हंगाम जून ते सप्टेंबर. बऱ्याच माद्या फार लांबून येतात. अबू धाबीकडच्या समुद्रगवतावर चरणाऱ्या काही माद्यांना उपग्रहाचे टॅग लावले होते, तेव्हा त्या अंडी घालायला इथपर्यंत येतात असं दिसलं.

किनाऱ्यावर स्वतंत्रपणे जाता येत नाही. मार्गदर्शकाबरोबर रात्री एक आणि पहाटे एक अशा फेऱ्या असतात, आणि हे असंच असायला हवं. मादी वाळूवर आल्यावर आधी जागा बघते, पुढच्या वल्ह्यांनी अंगाएवढा खड्डा करते, मग मागच्या वल्ह्यांनी अंड्यांसाठी खोल, अरुंद खळगा उकरते. या वेळी तिला प्रकाश किंवा हालचाल जाणवली तर ती अंडी न घालताच समुद्रात परतते. अंडी घालायला लागली की मात्र सहसा उठत नाही. म्हणून मार्गदर्शक आधी एकटा पुढे जाऊन बघतो आणि अंडी पडायला लागल्यावरच गटाला बोलावतो. कधी कधी तासभर थांबावं लागतं. त्यात त्या माणसाचा आळस नसतो, त्याचं कामच ते आहे. एका वेळी शंभरेक अंडी. नंतर ती बराच वेळ वाळू उडवत राहते आणि खरा खळगा कुठे आहे ते कोल्ह्याला कळू नये अशी सगळी जागा उलथीपालथी करते. डोळ्यांतून पाणी गळताना दिसतं. ते अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणं असतं.

रात्री फोटोला बंदी आहे. कृपया मोबाइल खिशातच ठेवा.

आणि दिवसा तिथलं छोटं संग्रहालय बघा. याच जागी कांस्ययुगातल्या वस्तीचं उत्खनन झालं आहे. बोरूच्या होड्यांना लावलेल्या डांबराचे तुकडे मिळाले, त्यांना बार्नेकल, म्हणजे होडीच्या तळाला चिकटणारे कवचवाले समुद्री जीव, चिकटलेले होते. सिंधू संस्कृतीची अक्षरं कोरलेलं खापरही मिळालं. साडेचार हजार वर्षांपूर्वी आपल्या बाजूचे लोक किंवा त्यांचा माल या कासवांच्या किनाऱ्यावर उतरत होता. माझ्यासाठी ही त्या जागेची अर्धी ओढ आहे.

दोफारबद्दल मुद्दाम लिहीत नाही. तिथे राहणारे सदस्य इथे आहेत, त्यांनी लिहावं.

अनघा_ठाणे

वाचनखूण साठवली. ताई, आम्ही खरंच डिसेंबरातच येतोय. शाळेची सुट्टी तेव्हाच असते, दुसरा इलाज नाही. बरोबर दोन मुलं (९ आणि १३) आणि सासूबाई. काही दिसेल की सगळंच हुकणार?

मस्कतवासी

@अनघा_ठाणे, हुकणार नाही, फक्त यादी बदलेल. व्हेल शार्क आणि सलालाहची हिरवळ यादीतून काढा. रास अल जिन्झला माद्या कमी असतील, पण हंगामाच्या शेवटी घातलेल्या अंड्यांतून पिल्लं निघत असतात, त्यामुळे पहाटेची फेरी नक्की घ्या. मस्कतहून सकाळची डॉल्फिन फेरी डिसेंबरात उत्तम, समुद्र शांत असतो. पक्ष्यांसाठी तर हिवाळाच हवा. सासूबाईंना सांगून ठेवा की रास अल जिन्झला अंधारात वाळू तुडवत चालावं लागतं, बंद चप्पल हवी.

कासवमित्र_मंडणगड

धागा वाचून राहवलं नाही. मी वेळासच्या बाजूचा. आमच्याकडे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने कासवांचं काम उभं केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. आमची कासवं ऑलिव्ह रिडले, आकाराने लहान. मागच्या वर्षी मुलाकडे मस्कतला गेलो होतो तेव्हा रास अल जिन्झ पाहिलं. हिरव्या कासवाची मादी पहिल्यांदा पाहिली आणि तिच्या आकारानेच थक्क झालो.

फरक सांगतो. आमच्याकडे कोल्हे, कुत्री आणि भरतीची धूप यांमुळे अंडी काढून हॅचरीत नेऊन पुरावी लागतात. पर्यटक बघतात ते पिल्लांचं समुद्रात जाणं, तेही दिवसाउजेडी, दोरीच्या मागे उभं राहून. तिथे अंडी जागच्या जागीच राहतात आणि लोक बघतात ती मादी. दोन्ही ठिकाणी वाळूचं तापमान पिल्लांचं लिंग ठरवतं, तापलेल्या वाळूत माद्या जास्त. म्हणून हॅचरीत किती खोल पुरायचं, सावली किती द्यायची, याला आम्ही फार जपतो.

तिथला मार्गदर्शक ओमानी तरुण होता, जवळच्याच गावचा. मंद दिव्याने फक्त मादीच्या मागच्या बाजूला उजेड टाकायचा, डोळ्यांवर कधीच नाही. गटातल्या एकाने टॉर्च लावला तेव्हा आवाज न चढवता त्याला मागे घेतलं आणि परत येईपर्यंत शेवटी चालवलं. आमच्याकडच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगितलं. गावातल्याच माणसाला हे काम मिळालं की तो किनारा सांभाळतो, हे वेळासला आम्ही पाहिलंय आणि तिथेही तेच दिसलं.

सलालाहकर

मस्कतवासी ताईंनी बोलावलंय तर लिहितो. दोफारचे दोन वेगळे प्रदेश समजा, एक खरीफमधला आणि एक नंतरचा.

खरीफ म्हणजे साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर. दमट वारा थंड समुद्रावरून येतो, त्याचं धुकं होतं आणि ते डोंगरांना अडतं. पाऊस म्हणाल तर आपल्या कोकणासारखा नाहीच, भुरभुर. पण झाडांची पानं धुकं गाळून पाणी खाली पाडतात आणि डोंगराच्या समुद्राकडच्या उतारावर जंगल जगतं. डोंगर ओलांडून पलीकडे गेलात की दहा मिनिटांत वाळवंट. लोबानाची झाडं त्या कोरड्या बाजूला वाढतात. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, बोटी नाहीत, पोहणं नाही. मुघसैलला खडकातल्या भोकांतून पाण्याचे फवारे उंच उडतात ते मात्र याच दिवसांत बघावेत. खरीफमध्ये आफ्रिकेतून येऊन इथे वीण करणारे पक्षी असतात: राखी डोक्याचा खंड्या, हिरवं कबूतर. धुक्यात नीट दिसत नाहीत, म्हणून जाणकार लोक सप्टेंबरच्या अखेरीस येतात. धुकं विरलेलं असतं, हिरवळ टिकून असते आणि पक्षी अजून गेलेले नसतात. मला विचाराल तर दोफारसाठी वर्षातले हे सर्वांत चांगले आठवडे.

हिवाळ्यात खोर बघा. खोर म्हणजे ओढ्याच्या मुखाशी समुद्राने वाळूचा बांध घातल्यामुळे तयार झालेली खाडी. खोर रोरीला मोठे रोहित, करकोचे, बदकं, आणि काठावर सुम्हुरम या लोबानाच्या जुन्या बंदराचे अवशेष. युनेस्कोच्या यादीत २००० साली लोबानाच्या भूमीची जी स्थळं आली त्यात हे आहे. रैसूतकडे हिवाळ्यात स्टेपी गरुड शेकड्यांनी उतरतात. मध्य आशियातून आलेले असतात. कचराडेपोच्या बाजूला बसतात, म्हणून बरेच पर्यटक नाक मुरडतात. पण एवढे गरुड एका जागी बघायला मिळणं फार दुर्मीळ आहे.

तावी अतैरचं विवर चुकवू नका. २०० मीटरहून खोल. येमेन सेरिन नावाचा छोटा, अगदी साधा दिसणारा पक्षी ओमानात मुख्यतः तिथेच दिसतो. वर घिरट्या घालणारा काळा गरुड दिसला तर पाठीवरची पांढरी इंग्रजी व्ही खूण बघा, तो व्हेरो गरुड.

आणि एक सांगून ठेवतो. जबल सम्हान डोंगरावर अरबी बिबट्या आहे, राखीव क्षेत्र आहे, पण "बिबट्या दाखवतो" असं कुणी म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नका. तो दिसतो तो संशोधकांच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये.

निळाई

मी डायव्हिंग करते, म्हणून दैमानियातबद्दल. मस्कत आणि बरका यांच्या समोर समुद्रात नऊ बेटांची रांग आहे. हीसुद्धा १९९६ पासून राखीव. परवाना असलेल्या बोटीनेच जाता येतं आणि १ मे ते ३१ ऑक्टोबर बेटांवर उतरायला बंदी असते, कारण कासवं आणि समुद्रपक्ष्यांची वीण तेव्हाच. पाण्यात स्नॉर्केलिंग करता येतं. इथलं मुख्य कासव म्हणजे हॉक्सबिल, चोच पोपटासारखी, प्रवाळातले स्पंज खातं.

व्हेल शार्क साधारण जुलै ते ऑक्टोबर. प्लवक वाढलेलं असतं म्हणून पाणी थोडं गढूळ असतं, आणि व्हेल शार्क त्याच गढूळपणासाठी आलेली असते. स्वच्छ निळ्या पाण्याचा फोटो हवा असेल तर तो वेगळा महिना. शेपटीपासून लांब राहायचं, समोरून आडवं जायचं नाही, हात लावायचा नाही. चांगला मार्गदर्शक पाण्यात उतरण्याआधी हे सांगतो आणि तुम्ही ऐकलं नाही तर बाहेर काढतो.

याच बेटांवर काजळी ससाणा वीण करतो. उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात. बाकीचे पक्षी वसंतात पिल्लं काढतात, हा उशिरा काढतो, कारण त्याची पिल्लं मोठी होतात तेव्हा दक्षिणेकडे जाणारे छोटे पक्षी समुद्र ओलांडून थकून येत असतात. तेच त्याचं खाद्य. पुढे तो स्वतः हिवाळ्यासाठी मादागास्करला जातो. मस्कतसमोरच्या फहल बेटावरही हा ससाणा आहे, आणि लाल चोचीचा, लांब शेपटीचा ट्रॉपिकबर्डही. बोटीत बसून सगळे पाण्याकडे बघत असतात, थोडं वरही बघा.

प्रसाद_दुबई

डॉल्फिन फेरीबद्दल थोडं कडू लिहितो. मस्कतला जी बोट घेतली (नाव लिहीत नाही) ती स्पिनर डॉल्फिनच्या कळपातून थेट वेगात घुसली. मागून अजून सहा-सात बोटी. कळप फुटला, पिल्लं असलेल्या माद्या बाजूला गेल्या. मुलं टाळ्या वाजवत होती आणि मला मात्र लाज वाटत होती. हे निसर्गपर्यटन म्हणायचं का?

मस्कतवासी

@प्रसाद_दुबई, तुमचा राग योग्य आहे. असं होतं, विशेषतः सुट्टीच्या दिवशी. पण सगळे तसे नाहीत, आणि आपण आधी विचारलं तर फरक पडतो. बुकिंगच्या वेळी सरळ विचारा: कळप दिसल्यावर इंजिनाचा वेग काय ठेवता? कळपाला समांतर चालता की आडवे जाता? किती वेळ थांबता? ज्याला ही उत्तरं तयार देता येतात त्याच्याकडे जा. आणि "डॉल्फिन हमखास, नाहीतर पैसे परत" अशी जाहिरात असेल तर टाळा, कारण त्या हमीपायीच पाठलाग होतो. शुक्रवार-शनिवारची सुट्टी सोडून मधल्या वारी, पहाटेची पहिली बोट घ्या.

खाडीकाठ

मुसंदमबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. खसब गावाहून धाऊ या लाकडी बोटीत बसून खोर शाम या खाडीत जायचं. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर थेट पाण्यात उतरलेले. जमिनीचा हा भाग हळूहळू खचतोय, त्यामुळे जुन्या दऱ्यांत समुद्र शिरलाय. इथे दिसतो तो कुबड असलेला हम्पबॅक डॉल्फिन, म्हणजे हर्णै-मुरूडला आणि तारकर्लीला होडीतून दाखवतात तीच जात. मधल्या टेलिग्राफ बेटावर १८६० च्या दशकात इंग्रजांचं तारकेंद्र होतं, भारताकडे येणारी तार इथून जायची. हिवाळा उत्तम, उन्हाळ्यात कड्यांमधे भट्टी होते.

सागरशास्त्र

देवमाशांचा विषय राहिलाय. अरबी समुद्रातले हम्पबॅक देवमासे जगात वेगळे आहेत. बाकीचे हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडे खायला आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात वीण करायला जातात. हे जात नाहीत. ताईंनी वर सांगितलेल्या त्या थंड, समृद्ध पाण्यामुळे त्यांना इथेच खायला मिळतं. जनुकीय अभ्यासानुसार हा गट सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळा आहे. ओमानच्या पाण्यात शंभराहून कमी असावेत असा अंदाज आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकारीत अरबी समुद्रात दोनशेहून जास्त मारले. त्या घावातून हा गट अजून सावरलेला नाही. आता धोका आहे तो मासेमारीच्या जाळ्यांचा आणि जहाजांच्या धडकेचा.

आपल्याशी संबंध असा. २०१७ च्या शेवटी मसीराच्या आखातात एका मादीला उपग्रह टॅग लावला. लुबान तिचं नाव. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या नैऋत्य किनाऱ्याकडे आली. तोवर हे देवमासे दोन्ही किनाऱ्यांमध्ये ये-जा करत असावेत असा तर्कच होता. त्यामुळे रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या मच्छीमाराला मोठा देवमासा दिसला तर त्याची नोंद व्हायला हवी. तो ओमानच्या गटातला असू शकतो.

पर्यटकांसाठी: हम्पबॅक बघण्याची ठरलेली फेरी अशी धरून चालू नका. दोफारच्या हासिक, हल्लानियात बेटं या भागात हिवाळ्यात बोटीवर असताना दिसला तर भाग्य.

अनघा_ठाणे

मुलीने रात्री समुद्र निळा चमकतो असं वाचलंय, मस्कतला दिसेल का?

सागरशास्त्र

@अनघा_ठाणे, हिवाळ्याच्या उत्तरार्धात शक्यता जास्त. तो नॉक्टिलुका नावाचा सूक्ष्मजीव. दिवसा पाणी हिरवट दिसतं, रात्री लाट फुटली की चमकतं. मुलीला त्याची दुसरी बाजूही सांगा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेले होआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी अरबी समुद्रातल्या या बहरांवर बरीच वर्षं अभ्यास केला आहे. पाण्यातला प्राणवायू कमी होत चालल्याशी त्यांनी या बहरांचा संबंध जोडला. नॉक्टिलुका खाणारे मुख्यतः जेलीफिशसारखे जीव, मासे फारसे नाहीत. म्हणजे तो वाढला की तारलीपर्यंत पोचणारी साखळी तुटते.

रानवाट

बर अल हिकमानला कुणी गेलंय का? गाडी भाड्याने घेऊन स्वतः जावं असा विचार आहे.

सलालाहकर

@रानवाट, स्वतः जाऊ नका. मसीरासमोरचा हा भरती-ओहोटीचा चिखलपट्टा आहे. वरून कोरडी दिसणारी जमीन आतून मऊ असते, चारचाकी रुतते आणि मदत लांब असते. वाट माहीत असलेला स्थानिक चालक घ्या. हिवाळ्यात तिथे सुमारे पाच लाख किनारपक्षी असतात, सैबेरियापर्यंतून आलेले. त्यात क्रॅब प्लोव्हर बघा, काळापांढरा, जाड चोचीचा. वाळूत बीळ करून अंडी घालतो आणि ती उबवायला बरीचशी मदत वाळूच्या उष्णतेची होते, किनारपक्ष्यांत असं करणारा हा एकटाच. भरतीच्या वेळा आधी काढा. ओहोटीला पक्षी कित्येक किलोमीटर आत पसरतात आणि दुर्बिणीतही ठिपके दिसतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसा, सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडा.

अनघा_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार. आता आमचं असं ठरलंय: मस्कतला मधल्या वारी सकाळची डॉल्फिन फेरी, मग सूरमार्गे रास अल जिन्झला एक मुक्काम, रात्रीची आणि पहाटेची दोन्ही फेऱ्या. सलालाह पुढच्या वेळी, सप्टेंबरच्या शेवटी. सासूबाई रात्री गाडीत थांबतील, पहाटे येतील.

मस्कतवासी

छान ठरलंय. सासूबाईंना पहाटेचीच फेरी सोयीची. उजाडताना माद्या परत जाताना दिसू शकतात, वाळूवर रात्रभराच्या वाटांच्या खुणा असतात आणि उजेडात फोटोही काढता येतो. मात्र त्यांना गाडीत थांबवण्याऐवजी रास अल जिन्झच्या कासव केंद्रातच खोली मिळते का बघा. आणि रात्रीच्या फेरीला मुलांच्या बुटांत दिवे लागणारे असतील तर ते हॉटेलवर ठेवा.